डाव्या सीटचं वजन

रणधीर सरनोबत गेला आणि तिसऱ्या महिन्यात त्याच्या गाडीची किंमत दुप्पट झाली. माणूस गेला की लोकांना त्याचे गुण सुचू लागतात, हे आपल्याकडे नेहमीचंच. पण त्या गुणांचा भाव रोकडा निघायला लागला तो 'हात' नावाचं यंत्र आल्यापासून.

गाडी पिवळी होती, दोन दारांची, दोन सीटांची, जपानी बनावटीची आणि पेट्रोलवर चालणारी. कोल्हापुरात तिला सगळे 'पिवळी'च म्हणत. अशा गाड्या बनायच्या बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. नव्या विजेच्या गाड्यांचा वेग विचारायची सोय नव्हती. भाजी पोचवणारा टेम्पोसुद्धा बघता बघता शंभराचा वेग गाठायचा. सगळेच पहिले येऊ लागल्यावर शर्यतीत गंमत ती काय राहणार? शौकिनांची मोठी पंचाईत झाली. कुणाची गाडी भारी यावर पुढ्यातला कटवडा गार होईपर्यंत भांडणारी मंडळी गप्प बसली, जुन्या गाड्या ताडपत्रीखाली गेल्या आणि त्यांना कुणी विचारेनासं झालं.

मग 'हात' आला. मुळात ते विमा कंपन्यांसाठी काढलेलं साधं उपकरण. स्टिअरिंगवर, तिन्ही पेडलांवर आणि गिअरच्या दांडक्यावर दाब मोजणाऱ्या, कागदासारख्या पातळ पट्ट्या चिकटवायच्या. चालक ब्रेक किती जोरात दाबतो, क्लच किती हळू सोडतो, वळणावर स्टिअरिंग नेमकं केव्हा फिरवतो, हे त्या क्षणाक्षणाला टिपून ठेवत. त्याबरोबर रस्त्याचा चढ, टायरची उष्णता, ओल, टाकीतलं पेट्रोल आणि सीटवरचं वजनही टिपलं जाई. अशी काही वर्षांची माहिती साठली की सीटखालची एक लहानशी डबी त्यातून त्या माणसाची सवय शिकून घ्यायची. अमुक परिस्थिती असली की हा माणूस अमुक करतो, एवढंच तिला कळे. तो तसं का करतो हे तिला कळत नसे, आणि कळून काही करायचंही नसे. पुढे कुणीतरी त्या पट्ट्यांच्या जोडीला छोट्या मोटारी बसवल्या आणि गाडी मालकाच्या हाताने आपली आपण चालू लागली. मालक घरात झोपलेला असो, नाहीतर कायमचा निघून गेलेला असो, तिला फरक पडत नव्हता.

शौकिनांच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. आता वाद गाडीचा उरला नाही, हाताचा झाला. कुणाचा हात घाटात भारी, कुणाचा ओल्या रस्त्यावर, कुणाचा नुसताच दिखाऊ. जिवंत माणसाचा हात वयाबरोबर बदलत राहतो, उतरतोही. गेलेल्याचा मात्र आहे तिथेच पक्का होतो. त्यामुळे गेलेल्यांच्या गाड्यांना जास्त भाव येऊ लागला. एखादा जुना चालक दवाखान्यात गेल्याची बातमी आली की त्याच्या गाडीची चौकशी आधी सुरू व्हायची आणि प्रकृतीची नंतर.

त्यात रणधीरचा हात म्हणजे करूळच्या घाटाचा विक्रम. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी हा घाट पेट्रोलच्या गाड्यांसाठी मोकळा ठेवत. वर गगनबावड्याला एका चहाच्या टपरीवर पत्र्याचा फलक होता आणि त्यावर घाट सगळ्यात कमी वेळात चढणाऱ्यांची नावं पेंटरकडून रंगवून घेतलेली होती. पहिलं नाव रणधीर सरनोबत, दुसरं धैर्यशील इंगवले. ही वेळ तरुणपणीची, हातातल्या घड्याळावर मोजलेली. तिच्यावर रणधीर जन्मभर जगला. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, एकदा तर एका मयतीलाही त्याने ती कहाणी सांगितली होती.

त्याची बायको वृषाली शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. गाडीतलं तिला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तिला गाडी लागायची. त्यात माहेर वैभववाडीला, घाटाच्या ऐन पायथ्याशी, म्हणजे सुटका नव्हतीच. लग्नानंतर पहिल्यांदा घाट चढताना तिची जी अवस्था झाली ती आठवली तरी तिला मळमळायचं. तेव्हापासून आवळासुपारीची डबी तिच्या पर्समध्ये कायमची राहायला आली.

गाडी विकायचं तिनेच काढलं. दारात ती उभी दिसली की तिला वाटायचं, हे आत्ता किल्ली फिरवत बाहेर येतील. हे रोज सोसण्यापेक्षा ती गेलेली बरी. व्यवहार धैर्यशीलने अंगावर घेतला. तो रणधीरचा जन्माचा मित्र आणि जन्माचा प्रतिस्पर्धी, दोन्ही. आधी एक कोटी सांगू, मग बघू, असं तो म्हणाला. पंधरा दिवसांत चार फोन आले तेव्हा त्याने दीड सांगितले. बेंगळुरूहून विचारणा आल्यावर दोन. पुढे तर कुणी किंमत विचारली की तो आधी समोरच्याचा आवाज ऐकायचा आणि मग आकडा ठरवायचा. शेवटी सांगलीचा नचिकेत आरवाडे पुढे सरकला. हळदीच्या धंद्यात चांगला जम बसलेला, गाड्यांचं वेड लागलेला, स्वभावाने सरळ माणूस. चाचणीत रणधीरची वेळ दिसली की पैसे देतो, घासाघीस करत नाही, असं त्याने सांगितलं.

ठरलेल्या रविवारी वृषाली डाव्या सीटवर जाऊन बसली. शौकिनांच्या मंडळाची ती रीतच होती. गाडी चाचणीला निघाली की मालकाने शेजारी बसायचं. पूर्वी एक गिऱ्हाईक 'जरा फिरवून बघतो' म्हणून गाडी घेऊन गेलं ते थेट गोव्यात सापडलं, तेव्हापासून ही रीत पडली होती आणि यंत्र आल्यावरही ती मोडायचं कुणाला सुचलं नव्हतं. नचिकेत उजवीकडे बसला, दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसतात तसा.

गिअरचं दांडकं आपलं आपण पहिल्यात गेलं. जाताना जरासं खरखरलं. रणधीर अगदी तसाच पहिला गिअर टाकायचा आणि टाकताना खालचा ओठ चावायचा. वृषालीने आवळासुपारी तोंडात टाकली आणि खिडकीबाहेर नजर लावली.

घाट सुरू झाला. पहिलं मोठं वळण यायच्या कितीतरी आधी गाडीने गिअर उतरवला, वेग सोडला आणि वळण असं अलगद घेतलं की पर्समधली पाण्याची बाटली जागची हलली नाही. दुसरंही तसंच. पुढे म्हसोबाची देवळी लागते, तिथलं वळण सगळ्यात वाईट. देवळीपाशी येताच हॉर्न एकदा, हलकेच वाजला. रणधीर तिथे न चुकता हॉर्न वाजवायचा आणि म्हणायचा, झालं आता, हे शेवटचं. ते कधीच शेवटचं नसायचं. या वेळी बोलणारं कुणी नव्हतं. वृषालीला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. नचिकेतला वाटलं बाईंना गाडी लागली, म्हणून त्याने सभ्यपणे काच खाली केली.

वर पोचल्यावर घड्याळं बघितली गेली. रणधीरच्या वेळेपेक्षा जवळजवळ दोन मिनिटं जास्त लागली होती. टपरीपाशी पन्नासेक माणसं जमली होती. त्यातलं कुणीतरी म्हणालं, यापेक्षा दुधाची गाडी लवकर आली असती. हसू पसरलं. नचिकेत हसला नाही. त्याने वृषालीला नमस्कार केला, व्यवहार तूर्त थांबवू म्हणाला आणि गेला.

दुपारपर्यंत शौकिनांच्या फोनवर दुसरा विषय नव्हता. हातावरचं घड्याळ ते, कुणी कसंही दाबावं. सरनोबत बोलायचा फार. विक्रम झाला तेव्हा बघितलं कुणी? काहींनी आपल्याला हे पहिल्यापासूनच माहीत होतं असं लिहिलं. यंत्र यायच्या आधी हीच मंडळी एकमेकांच्या थापा आनंदाने ऐकून घ्यायची आणि त्याहून मोठी थाप मारायची. आता यंत्र खरं सांगत होतं, तेव्हा थापेला जागा नव्हती आणि माणसाच्या शब्दालाही. गाडीची सांगितलेली किंमत आठवड्यात कोटींवरून लाखांवर आली. वृषालीला किमतीचं काही वाटलं नाही. पण ज्या माणसाने एका गोष्टीचा जन्मभर अभिमान बाळगला तो त्याच गोष्टीत खोटा ठरला, हे तिच्या जिव्हारी लागलं.

हातांची तपासणी करणाऱ्या संस्थेने पुण्याहून ईशानी बापट नावाची एक तरुण इंजिनिअर पाठवली. तिने पिवळीच्या सीटखालची डबी आपल्या पडद्याला जोडली आणि तासभर शोध घेतला. मग तिने वृषालीला समोर बसवून समजावलं. चालक एकच असेल तर त्याच्या सगळ्या फेऱ्यांचा आलेख काढल्यावर एक टेकडी दिसते. कधी थोडा वेगात, कधी थोडा हळू, पण सगळं एका ढिगात. इथे दोन टेकड्या होत्या. एक अतिशय वेगवान, विक्रमाला शोभणारी. दुसरी पार सैल, लवकर ब्रेक, लवकर गिअर, वळणावर जपून.

"म्हणजे काकांची गाडी दुसरंही कुणीतरी चालवत होतं," ईशानी म्हणाली. "यंत्राने दोघांची भेसळ करून टाकलीय. आम्ही ती साफ करू शकतो. सैल फेऱ्या पुसल्या की राहील तो काकांचा खरा हात. त्याला प्रमाणपत्र मिळेल, विक्रमही टिकेल."

वृषालीने विचारलं, सैल फेऱ्या नेमक्या केव्हाच्या? ईशानीने पडदा सरकवला. त्यात एकच गोष्ट समान होती, ती म्हणजे तेव्हा डाव्या सीटवर वजन असायचं. ते काही खास नाही, ती म्हणाली, कारण डावीकडे नव्वद किलोचा माणूस बसलाय आणि तरी हात वेगवान आहे, अशाही फेऱ्या होत्या. सैल फेऱ्यांत वजन अठ्ठावन्नच्या आसपास. दर वेळी तेवढंच, म्हणजे बहुधा डावीकडचा मापक अडकला असावा.

अठ्ठावन्न हा आकडा वृषालीच्या चांगल्या ओळखीचा होता. तो खाली आणण्यात तिने उमेदीची वीस वर्षं घालवली होती.

"दोन्ही ठेवता नाही येणार?" तिने विचारलं.

ईशानीने मान हलवली. प्रमाणपत्र मिळतं ते एकाच हाताला, आणि एकदा मिळालं की डबीला मोहोर लागते. मग सैल फेऱ्यांची एक नक्कल काढून दे, वृषाली म्हणाली. नक्कल निघते, ईशानी म्हणाली, पण निघालेली नोंदली जाते आणि त्या हाताला पुन्हा प्रमाणपत्र मिळत नाही. नकला फिरू लागल्या तर मूळ हाताला किंमत कोण देणार? सगळा बाजार त्यावरच तर उभा होता. पुसायचं असेल तर पुढच्या रविवारच्या आत कळवा, प्रमाणपत्र नसेल तर मंडळ त्या दिवशी फलकावरचं नाव काढणार आहे, असं सांगून ती गेली.

 वृषालीला एक जुनी गोष्ट आठवत होती. पिवळीला कुणी मंद म्हटलं तर रणधीर त्याच्याशी सहा-सहा महिने बोलायचा नाही. धैर्यशीलशीही एकदा त्याने याच कारणाने अबोला धरला होता. आणि एकदा, माहेराहून परत येताना, तिनेच सहज विचारलं होतं, लोक तर म्हणतात तुम्ही विमान चालवता, मग घाटात एवढे हळू कसे? तेव्हा तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला होता, "गाडी जुनी झालीय गं. आता ओढत नाही." तिला ते खरं वाटलं होतं. पुढे तिने ते माहेरी चारचौघांत सांगितलंही होतं, आणि तो ऐकून घेत बसला होता.

धैर्यशील संध्याकाळी आला. त्याला ईशानीने आधीच सगळं सांगितलं होतं. पुसायला हरकत कसली, एवढंच त्याला कळत नव्हतं.

"वहिनी, त्या दिवशी मी त्याच्या मागं होतो. देवळीच्या वळणानंतर मला त्याचे दिवेसुद्धा दिसले न्हाईत. वेळ खरी हाय. पण माझा शब्द आता कोण धरतंय? मशीन सांगंल तेच खरं."

तिने त्याला विचारलं, तुम्ही शेजारी बसलात की ते कसे चालवायचे?

"मी? मी डोळे मिटून देवाचं नाव घेत बसायचो."

त्याचं वजन तेव्हा नव्वद होतं. मग वृषालीने त्याला सांगितलं. ती दुसरी टेकडी दुसऱ्या कुणाची नाही, ह्यांचीच आहे, आणि ती माझी आहे. ती पुसली की मला गाडी लागू नये म्हणून असं जपणारा माणूस जगात कुठेच राहणार नाही.  समोरचा चहा धैर्यशीलने तसाच ठेवला.

"खरं सांगू?" तो शेवटी म्हणाला. "त्याचं नाव पुसलं तर पहिलं माझं येतंय. मला ते आवडंल, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर दुसरा होतो मी. म्हणूनच सांगतोय, साफ करून घ्या. नायतर मला वाटत राहील की माझ्यामुळं ऱ्हायलं."

तो गेल्यावर ती फार अस्वस्थ झाली. रणधीरला विचारता आलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं, याबद्दल तिला जराही शंका नव्हती. त्याने नाव राखायला सांगितलं असतं. हळू चालवायचो ही गोष्ट तर त्याने तिच्यापासूनसुद्धा लपवली होती, फलकावरच्या नावाची मात्र सगळ्या गावाला आठवण करून दिली होती. त्याचं त्याला देऊन टाकावं हेच न्यायाचं होतं. ती तीन दिवस स्वतःला हेच समजावत राहिली आणि तिचं तिलाच पटत राहिलं. चौथ्या दिवशी तिने ईशानीला फोन करून पुसू नका म्हणून सांगितलं. हा स्वार्थ होता, आणि तिने त्याला दुसरं नाव दिलं नाही.

रविवारी गगनबावड्याला पेंटर आला. वृषाली मुद्दाम गेली. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, बाई, तुम्हाला काही सांगायचंय का?

"हात ह्यांचाच आहे," ती म्हणाली. "मी शेजारी असले की हे असंच चालवायचे. एवढंच."

कुणी हसलं नाही, पण कुणाला ते पटलंही नाही. बायकोच ती, नवऱ्याची बाजू घेणारच, असं सगळ्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. पेंटरने थिनरच्या बोळ्याने पहिलं नाव पुसलं. पिवळट पत्र्यावर एक स्वच्छ पट्टा उमटला आणि त्यावर धैर्यशीलचं नाव चढलं. धैर्यशीलने ते दोनदा वाचलं आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला. वृषालीला तेव्हा फार वाईट वाटलं. आपण रणधीरचं घेतलं आणि आपल्याकडे ठेवलं, हे तिला पुढेही अधूनमधून टोचत राहिलं.

किंमत विचारणारे फोन बंद झाले. महिन्यातून एकदा, त्या पहिल्या रविवारी, ती डावीकडे बसून वैभववाडीला भावाकडे जायची आणि दुपार व्हायच्या आत घाट चढून परत यायची. उजवी सीट रिकामी, स्टिअरिंग आपलं आपण फिरतंय, देवळीपाशी एक हॉर्न. पुढे पुढे ती आवळासुपारी न्यायचीही विसरू लागली.

वर्षभराने डॉक्टरांनी साखर काठावर आल्याचं सांगितलं आणि फिरायला लावलं. वृषाली शिस्तीची बाई. रोज रंकाळ्याला फेरी, भात बंद, चहा बिनसाखरेचा. जे वीस वर्षांत जमलं नव्हतं ते सहा महिन्यांत जमलं. ब्लाउज सैल झाले, शेजारणींनी कौतुक केलं.

उतरताना रणधीर एरवीही जपूनच चालवायचा, पण त्या महिन्यात घाट चढताना पहिल्या वळणाला गाडीने वेग सोडलाच नाही. इंजिन किंचाळलं, वृषाली दारावर जाऊन आदळली, पर्स पायाशी सांडली. गिअरचं दांडकं तिने कधी बघितलं नव्हतं अशा झपाट्याने हलत होतं. देवळीपाशी हॉर्न वाजला नाही. वर पोचल्यावर ती कशीबशी बाहेर आली आणि टपरीमागे जाऊन भडाभडा ओकली. तोंड धुताना तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की वेळ खरी होती. लोकांना दाखवायला एक घड्याळसुद्धा कुणी लावलेलं नव्हतं. दुसरा विचार त्याच्या मागोमाग आला. त्याने तिला ओळखलं नव्हतं.

घरी येऊन ती काट्यावर उभी राहिली. बावन्न.

पुढच्या पहिल्या रविवारी धैर्यशील टपरीपाशी उभा होता. पिवळी सावकाश, एकेक वळण जपत वर येताना त्याला दिसली. देवळीचा हॉर्न त्याला खालून आधीच ऐकू आला होता. गाडी थांबली. वृषाली ताज्या चेहऱ्याने बसलेली होती आणि तिच्या मांडीवर, पदराखाली, काहीतरी जड होतं. त्याने दार उघडलं. लोखंडी खलबत्ता होता, घरातला, मसाला कुटायचा.

"हे काय वहिनी? भावाला द्यायला नेलेला का?"

"नाही," ती म्हणाली. "ही मीच आहे. थोडी कमी पडत होते."

धैर्यशीलला कळायला जरा वेळ लागला. मग त्याने एक हात देऊन तिला उतरवलं आणि दुसऱ्या हाताने खलबत्ता उचलला. तो डिकीत ठेवायला दोन पावलं गेला, थांबला, परत आला आणि त्याने तो डाव्या सीटवर नीट मधोमध ठेवून दार लावलं.